दूरवरून चालणारा संगणक : विश्वास कशावर ठेवायचा?

शाळेतला संगणक अडतो. निकालपत्रकाची फाइल उघडत नाही, किंवा प्रिंटर सापडत नाही. दुरुस्ती करणारा तालुक्याच्या गावी असतो. तो फोनवर म्हणतो, "सर, मी यायला नको. पडद्यावर नऊ आकडी क्रमांक दिसतोय ना, तेवढा सांगा." क्रमांक सांगितला की थोड्याच वेळात, आपला हात माउसवर नसतानाही, बाण हलू लागतो. खिडक्या उघडतात, मिटतात. दहा मिनिटांत काम होते आणि जाण्यायेण्याचा अर्धा दिवस वाचतो.

या सोयीला रिमोट डेस्कटॉप म्हणतात. मराठीत आपण 'दूरस्थ पडदा' म्हणू. सोय मोठी आहे, पण त्या दहा मिनिटांत नेमके काय घडले याचा विचार आपण क्वचित करतो. दूर बसलेल्या माणसाला आपल्या खुर्चीत बसवले, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याला जे दिसते ते त्याला दिसते आणि आपल्याला जे करता येते ते त्यालाही करता येते. शाळेच्या संगणकात मुलांच्या जन्मतारखा असतात, आधार क्रमांक असतात, पालकांचे फोन असतात, कधी शाळेच्या बँक खात्याचे कामही त्याच यंत्रावर चालते. म्हणून हे काम करणारे सॉफ्टवेअर कोणते आणि त्यावर किती विसंबावे, हा प्रश्न संगणकतज्ज्ञांवर सोपवून मोकळे होता येत नाही.

या प्रश्नावर दोन उत्तरे हमखास ऐकू येतात. पहिले असे : अमुक सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता येते, म्हणून ते सुरक्षित. दुसरे नेमके उलटे : आज्ञावली चोरालाही वाचता येते, म्हणून ते धोक्याचे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत.

गणिताच्या शिक्षकांना यातली गोम पटकन कळेल. एका मुलाने उत्तरपत्रिकेत फक्त '४२' असे लिहिले आणि दुसऱ्याने सगळ्या पायऱ्या मांडून '४२' लिहिले. पायऱ्या मांडल्या म्हणून दुसऱ्याचे उत्तर बरोबर ठरत नाही. पण ते तपासता येते, आणि चुकले असेल तर कुठल्या ओळीत चुकले ते बोट ठेवून दाखवता येते. ओपन सोर्स म्हणजे पायऱ्या मांडलेले सॉफ्टवेअर. आता पुढचे प्रश्न असे : त्या पायऱ्या खरोखर कोणी तपासल्या का? आणि आपल्या हाती आलेले उत्तर त्याच पायऱ्यांतून आलेले आहे का?

आठ अक्षरांचे कुलूप

दूरस्थ पडद्याच्या प्रोग्रामांत व्हीएनसी हे जुने आणि फार पसरलेले घराणे. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिज येथे ऑलिव्हेटी कंपनीच्या संशोधन प्रयोगशाळेत ते जन्मले. ही प्रयोगशाळा पुढे एटी अँड टी या कंपनीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. पण आज्ञावली आधीच सर्वांसाठी खुली केलेली असल्यामुळे तिच्यापासून अनेकांनी आपापली रूपे तयार केली. कल्पना साधी आहे. एका बाजूने पडद्याच्या चित्रातला जेवढा चौकोन बदलला तेवढा पाठवायचा, दुसऱ्या बाजूने कळा आणि माउसच्या हालचाली पाठवायच्या.

आत येणाऱ्याची ओळख कशी पटवायची? मूळ व्हीएनसीत एक युक्ती आहे. यजमान संगणक १६ बाइटांचा एक वाटेल तसा आकडा पाठवतो. पाहुण्याने आपला परवलीचा शब्द किल्ली म्हणून वापरून तो आकडा डीईएस या पद्धतीने कूटबद्ध करायचा आणि परत पाठवायचा. यजमान स्वतः तेच गणित करून उत्तर ताडून पाहतो. शब्द स्वतः तारेवरून जात नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. पण डीईएसची किल्ली ८ बाइटांची, म्हणून परवलीच्या शब्दातली पहिली आठ अक्षरेच धरली जातात. तुम्ही रोमन लिपीत 'सरस्वतीविद्यालय' असा लांबलचक शब्द ठेवलात तरी कुलूप फक्त 'सरस्वत' पर्यंतच पाहते. पुढचे काही टाइप करा, दार उघडतेच.

आता थोडा हिशेब करू. इंग्रजी लहान लिपीतली २६ अक्षरे घेऊन आठ अक्षरी शब्द किती होतील? २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८२ कोटी. आकडा मोठा वाटतो. पण ज्याने तारेवरची एक देवाणघेवाण टिपून ठेवली आहे, तो घरी बसून एकेक शब्द लावून पाहू शकतो. सेकंदाला एक कोटी शब्द तपासणारा संगणक धरला, तर सगळे शब्द सहा तासांच्या आत संपतात. तेवढा वेग आज साध्या यंत्रालाही झेपतो. शिवाय मूळ पद्धतीत ओळख पटल्यावर पुढचे सारे, पडद्याची चित्रे आणि दाबलेल्या कळा, उघडेच वाहते.

हे काही गुपित नव्हते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीच्या अधिकृत वर्णनातच ही ओळखपद्धती दुबळी असल्याचे स्पष्ट नोंदले आहे. म्हणजे पायरी उघड होती, चूकही उघड होती, तरी लोक वापरत राहिले. उघडेपणा दोष दाखवतो. तो काढून टाकायचे काम कोणीतरी माणसानेच करावे लागते.

काही दोष तर उघड असूनही दिसत नाहीत. २०१९ मध्ये कॅस्परस्की या कंपनीच्या संशोधकांनी व्हीएनसीच्या चार खुल्या रूपांची आज्ञावली बारकाईने वाचली : लिबव्हीएनसी, टाइटव्हीएनसीची पहिली पिढी, टर्बोव्हीएनसी आणि अल्ट्राव्हीएनसी. त्यांना ३७ दोष सापडले, त्यातले काही कित्येक वर्षे तिथेच बसून होते. बहुतेक दोष दुरुस्त झाले. टाइटव्हीएनसीच्या पहिल्या पिढीकडे मात्र तिच्या कर्त्यांनी लक्ष देणे आधीच थांबवले होते, त्यामुळे तिच्यातले राहून गेले. 'हजारो लोक वाचतात' हे वाक्य ओपन सोर्सच्या समर्थनार्थ नेहमी ऐकू येते. माझा अनुभव असा की हजारो लोक वापरतात, शंभरेक लोक चाळतात आणि मन लावून वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. शोधनिबंधांचेही असेच असते, म्हणून मला त्याचे नवल वाटत नाही.

मधला मुलगा

व्हीएनसीच्या काळात दोन संगणक बहुधा एकाच इमारतीत असत. आज शाळेचा संगणक एका राउटरच्या आड आणि दुरुस्तीवाल्याचा दुसऱ्या राउटरच्या आड असतो. दोघांनाही एकमेकांचा थेट पत्ता माहीत नाही. म्हणून मधे एक ओळख करून देणारा सर्व्हर लागतो. तो नऊ आकडी क्रमांक ह्याच सर्व्हरच्या वहीतला. तो दोघांची गाठ घालून देतो, आणि थेट मार्ग सापडला नाही तर सगळी वाहतूक मधल्या सर्व्हरमार्फत होते. मजकूर कूटबद्ध असतो हे खरे. मग मधल्याला तो वाचता येतो की नाही?

हे वर्गात करून पाहता येईल. एक पत्र्याचा डबा, कडीला दोन कुलुपे बसतील असा, आणि तीन-चार कुलुपे घ्या. मीनाने चिठ्ठी डब्यात ठेवून आपले कुलूप लावायचे आणि डबा मधल्या रमेशमार्फत सलमाकडे पाठवायचा. सलमा त्यावर आपलेही कुलूप लावून डबा परत पाठवते. मीना आपले कुलूप काढते आणि डबा पुन्हा पाठवते. आता त्यावर फक्त सलमाचे कुलूप आहे, ते ती उघडते. किल्ली कोणी कोणाला दिली नाही, तरी चिठ्ठी पोचली. रमेशच्या हातून डबा तीनदा गेला, पण त्याला तो उघडता आला नाही. मुलांना हे फार आवडते.

मग दुसरी फेरी घ्या. ह्या वेळी रमेशच्या खिशात गुपचूप स्वतःची कुलुपे द्या. मीनाचा डबा आला की त्याने तो सलमाकडे न नेता स्वतःचेच कुलूप लावून मीनाला परत द्यायचा. मीनाला वाटते, कुलूप सलमाचे. ती आपले काढते. रमेश डबा उघडतो, चिठ्ठी वाचतो, मग तीच चिठ्ठी स्वतःच्या कुलपात ठेवून सलमाशी नव्याने खेळ मांडतो. शेवटी चिठ्ठी सलमाला मिळते आणि दोघींनाही काही कळत नाही. कुलुपे पहिल्या फेरीइतकीच भक्कम होती. उणीव एवढीच की सलमाचे कुलूप कसे दिसते हे मीनाला ठाऊक नव्हते. सलमाने आधीच मधल्या सुट्टीत सांगून ठेवले असते, 'माझ्या कुलपाला निळा दोरा आहे', तर रमेशची डाळ शिजली नसती.

हा निळा दोरा म्हणजे संगणकाच्या किल्लीची खूण. व्हीएनसीहून पुष्कळ नवे असे रस्टडेस्क नावाचे ओपन सोर्स सॉफ्टवेअर आज बरेच वापरले जाते. त्यात समोरच्या संगणकाची सार्वजनिक किल्ली ओळख करून देणाऱ्या सर्व्हरकडून येते आणि तिच्यावर त्या सर्व्हरची सही असते. सही जुळली की आपला प्रोग्राम किल्ली खरी मानतो. म्हणजे निळ्या दोऱ्याची साक्ष इथे रमेशच देतो. तो प्रामाणिक असेल तर सगळे ठीक. रस्टडेस्कची विशेष गोष्ट अशी की हा सर्व्हर तुम्हाला स्वतःच्या जागेत चालवता येतो. त्याची साधी आवृत्ती खुली आहे. जास्त सोयींची, पैसे देऊन घ्यायची आवृत्ती खुली नाही. स्वतःचा सर्व्हर ठेवला की रमेशच्या जागी आपला माणूस बसतो. पण मग त्या सर्व्हरची देखभाल, त्याला वेळोवेळी द्यायच्या दुरुस्त्या, त्याच्या गुप्त किल्लीची राखण, हे सगळे आपल्याच गळ्यात येते. एका शाळेने हा खटाटोप करावा असे मला वाटत नाही. संस्थेच्या वीस-पंचवीस शाळा असतील आणि एखादा जाणता माणूस पगारी असेल, तर मात्र जरूर करावा.

पायऱ्या एक, उत्तर दुसरे

आता दुसरा प्रश्न, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. आपण वाचतो ती आज्ञावली आणि आपण उतरवून घेतो तो तयार प्रोग्राम, हे एकच आहेत कशावरून?

२०२४ च्या मार्च महिन्यात जगाला याचा चांगलाच धडा मिळाला. लिनक्स संगणकांवर दुरून प्रवेश करण्यासाठी एसएसएच नावाची सोय वापरतात. ती दूरस्थ पडद्याची सख्खी बहीण. फक्त चित्राऐवजी अक्षरे. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते आपल्या यंत्रावर काही मोजमापे करत होते. प्रवेशाला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. दुसऱ्या कोणी ते सोडून दिले असते. फ्रॉइंड यांनी माग काढला आणि तो एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनापर्यंत गेला. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार बसवलेले होते. ज्याच्याकडे ठरावीक गुप्त किल्ली आहे त्याला त्या दारातून संगणकात शिरता आले असते. २९ मार्च रोजी फ्रॉइंड यांनी हे जाहीर केले, तेव्हा या आवृत्त्या मुख्य प्रवाहातल्या स्थिर लिनक्स वितरणांत शिरायच्या बेतात होत्या.

हे दार बसवणाऱ्याने 'जिया टॅन' हे नाव घेऊन दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात इमानेइतबारे काम केले होते. थकलेल्या मूळ कर्त्याचा विश्वास मिळवून तो सहकारी झाला होता. त्याहून शिकण्यासारखी गोष्ट अशी : दार उघडणारा कळीचा तुकडा सर्वांसमोर असलेल्या आज्ञावलीच्या भांडारात नव्हताच. तो फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होता, आणि बाकीचा ऐवज चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला न वाचता येणाऱ्या फाइलींत दडवलेला होता. भांडार कितीही वाचले असते तरी तो तुकडा सापडला नसता. तरीही तो सापडला, आणि शंका आल्यावर माग शेवटपर्यंत काढता आला, हे उघडेपणाचे श्रेय नाकारता येत नाही.

केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्येच प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात याहून पुढची गोष्ट दाखवली होती. आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलरच लबाड असेल, तर मूळ आज्ञावली निर्मळ असूनही तयार प्रोग्राम लबाड निघू शकतो. यावर अलीकडे जे उपाय चालू आहेत त्यातला एक मला प्रयोगशाळेतल्या माणसाला पटणारा वाटतो. तो असा की एकाच आज्ञावलीपासून वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या ठिकाणी प्रोग्राम बांधायचा आणि तो बिटामागून बिट एकसारखा येतो का ते पाहायचे. आला, तर मधे कोणी काही घातलेले असण्याची शक्यता फार कमी होते. प्रयोग दुसऱ्याच्या हातून तसाच निघाला पाहिजे, हा विज्ञानातला जुनाच नियम. डेबियनसारख्या प्रकल्पांनी हे काम बरेच पुढे नेले आहे. एखाद्या दूरस्थ पडद्याच्या प्रोग्रामबाबत विचारावा असा हा चांगला प्रश्न आहे.

सहीची वही

रस्टडेस्कच्या बाबतीतच एक प्रकरण घडले, ते सांगण्यासारखे आहे. विंडोज प्रणालीत विश्वसनीय सह्यांची एक यादी असते. बँकेत जशी नमुना सह्यांची वही असते, तशी. त्या वहीतल्या सहीने आलेला प्रोग्राम विंडोज आपला मानते. रस्टडेस्कच्या १.२.३ या आवृत्तीला आभासी पडद्यासाठी एक ड्रायव्हर बसवायचा होता. ड्रायव्हरवर मान्यताप्राप्त सही हवी आणि तशा सहीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते. कर्त्यांकडे ते नव्हते. तेव्हा त्यांनी चाचणीसाठी वापरतात ते स्वतःचे प्रमाणपत्रच वापरणाऱ्याच्या संगणकातल्या त्या वहीत नोंदवले. ते २०२३ पासून २०३३ पर्यंत वैध.

वापरणाऱ्यांच्या हे लक्षात आले आणि बरीच वादावादी झाली. २०२४ मध्ये ही बाब सार्वजनिक दोष-नोंदवहीत दाखल झाली. कर्त्यांचे म्हणणे असे की महागडे प्रमाणपत्र नसल्यामुळे केलेली ही तजवीज होती आणि बसवताना तसा चौकोन पडद्यावर दिसत होता. तो दिसत होता हे खरे. आधीपासून खूण केलेला होता हेही खरे. माझ्या मते यात दुष्ट हेतूचा पुरावा नाही. पण त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली कशी राखली जाते याची कुठलीही जाहीर माहिती नव्हती. ती चोराच्या हाती लागली, तर तो वाटेल त्या प्रोग्रामवर सही करू शकला असता, आणि ज्यांच्या वहीत ती सही आहे त्यांच्या संगणकांनी ती मानली असती. सुरक्षिततेच्या हिशेबात हेतूला फारसे गुण नसतात.

मग बंद सॉफ्टवेअर बरे का? २०२४ च्या फेब्रुवारीत एनीडेस्क या कंपनीने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले, जुनी प्रमाणपत्रे रद्द केली आणि लोकांना परवलीचे शब्द बदलायला सांगितले. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरनेही आपल्या कार्यालयीन जाळ्यात घुसखोरी झाल्याचे कळवले. दोन्ही कंपन्यांनी कळवले हे चांगलेच झाले. पण आत काय घडले याबाबत त्यांच्या निवेदनापलीकडे आपल्याला काही पडताळता येत नाही. इथे पायऱ्या नाहीत, फक्त '४२' आहे.

आणि सर्वांत जास्त लोक ज्यात बुडाले त्या फसवणुकीचा तर आज्ञावलीशी संबंधच नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीत बँकांना सावध केले होते : भामटा फोन करून एनीडेस्क उतरवून घ्यायला सांगतो, क्रमांक विचारतो, परवानग्या द्यायला लावतो आणि खाते रिकामे करतो. सॉफ्टवेअर इथे अगदी चोख काम करत असते. कूटलेखन भक्कम, किल्ल्या खऱ्या, फक्त समोरचा माणूस खोटा. प्रोग्राम ओपन सोर्स असता तरी काही फरक पडला नसता. म्हणून माझा पहिला सल्ला सॉफ्टवेअरविषयी नाहीच. फोन आपण केला असेल तरच क्रमांक सांगावा. आलेल्या फोनवर, तो कोणाचाही असो, सांगू नये.

आमच्या प्रयोगशाळेत एका वर्णपटमापकाला जोडलेला जुना संगणक आहे. मापकाच्या निर्मात्यांचे सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालत नाही, म्हणून तो तसाच ठेवावा लागतो. रात्रभर चालणारे मोजमाप विद्यार्थ्यांना घरून पाहायचे असते. आम्ही तिथे व्हीएनसीच वापरतो, पण ते थेट बाहेर उघडत नाही. बाहेरचे दार एसएसएचचे, किल्लीने उघडणारे. आतला पडदा त्या दाराच्या आड. दुबळे कुलूप फक्त घरातल्या खोलीला. ज्याला व्हीएनसीचे आठ अक्षरांचे गणित ठाऊक आहे त्यालाच असा बेत सुचतो, आणि ते ठाऊक आहे कारण ते उघड आहे.

शाळेत एवढे करायची गरज नाही. प्रोग्राम कर्त्यांच्या मूळ ठिकाणाहूनच उतरवावा. कोणी पेन ड्राइव्हमधून दिलेला घेऊ नये. शेवटची सुधारणा केव्हा झाली ते पाहावे, दोन वर्षे हालचाल नसेल तर तो नाद सोडावा. संगणक सुरू होताच आपोआप चालू होणारी आणि कायमच्या परवलीच्या शब्दाने केव्हाही आत येऊ देणारी सोय बंद ठेवावी. दर वेळी बदलणारा शब्द पुरेसा आहे. दुरुस्तीसाठी वेगळे, कमी अधिकारांचे खाते करता आले तर उत्तम. दुरुस्ती चालू असताना खुर्ची सोडून चहाला जाऊ नये, आणि काम झाल्यावर प्रोग्राम बंद झाला की नाही ते स्वतः पाहावे.

ज्यांनी कधी रस्टडेस्कची १.२.३ ही आवृत्ती विंडोजवर बसवली होती, त्यांनी संगणकातली प्रमाणपत्रांची यादी एकदा उघडून पाहावी. 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज' या कप्प्यात 'डब्ल्यूडीकेटेस्टसर्ट' अशा नावाची नोंद दिसली तर ती काढून टाकावी. नाही काढली तर ती २०३३ पर्यंत वैध राहील.